पीपी नंबर

प्लेनोतल्या जुन्या वसाहतींमध्ये घराचं तोंड रस्त्याकडे असतं आणि राबता मागच्या अंगाला. पुढे बेतशीर कापलेली हिरवळ, एखादा ओक, उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी लवलेला क्रेप मर्टल आणि बंद दार. गाड्या मागच्या अरुंद गल्लीतून येतात. गॅरेजचं दार आपलं आपण वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं. घरातलं माणूस घरी आलं हे समोरच्या घराला कळायचं काही कारणच उरत नाही. डॅलसच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवरचं हे गाव १९७० साली जेमतेम अठरा हजार वस्तीचं होतं. २०२०च्या जनगणनेत ते दोन लाख ८५ हजारांवर गेलं. मधल्या वर्षांत शेतं मोडून भराभर प्लॉट पडले, आणि पुढे हिरवळ, मागे गल्ली हा त्या काळचा आराखडा कायमचा बसला.

नाशिकहून मुलाकडे आलेल्या एक आजी पहिल्या आठवड्यात रोज पुढच्या दारात खुर्ची टाकून बसत. घरी त्यांची बसायची जागा म्हणजे ओटा. भाजीवाला आला, कुणाकडे पाहुणे उतरले, कुणाचं कुणाशी वाजलं, हे सगळं ओट्यावर बसल्या बसल्या कळायचं. इथे दिवसातून एकदा टपालाची छोटी गाडी यायची आणि संध्याकाळी कुत्र्याला फिरवणारं एखादं माणूस हात हलवून जायचं. चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला विचारलं, "अगं, इथे माणसं राहतात ना?"

"राहतात ना आई," सून म्हणाली. "मागे."

अशा आजी-आजोबांची प्लेनोत वर्षभर ये-जा असते. कुणी नातवाच्या जन्माला, कुणी सुनेच्या ऑपरेशनला, तर कुणी 'इथे एकटे राहून काय करणार' या एका वाक्यावर. मुंबई-पुण्याहून डॅलसला थेट विमान नाही. दोहा, दुबई, नाहीतर युरोपात कुठेतरी बदलावं लागतं. त्यामुळे गुडघ्यांची तक्रार नसलेली मंडळीही व्हीलचेअर मागतात. पाय चांगले चालत असतात, इंग्रजी चालत नसतं. छातीशी धरलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरात पासपोर्ट, परतीचं तिकीट, विम्याचा कागद, मुलाचा पत्ता आणि ठळक अक्षरांत टाइप केलेली चिठ्ठी: मला इंग्रजी समजत नाही, मी माझ्या मुलाकडे डॅलसला चालले आहे, कृपया मला पुढच्या विमानापर्यंत पोहोचवा. एरवी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून चार दुकानं पालथी घालणारी बाई त्या चिठ्ठीच्या भरवशावर चौदा-पंधरा हजार किलोमीटर पार करते. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुरडया आणि सहा महिने पुरतील इतक्या रक्तदाबाच्या गोळ्या. सहा महिने, कारण व्हिसा दहा वर्षांचा असला तरी विमानतळावरचा अधिकारी एका खेपेला बहुधा तेवढीच मुदत देतो.

भुसावळचे एक निवृत्त गार्ड असेच आले. त्यांना कुणी टेक्ससच्या उन्हाची भीती घालायला गेलं की ते हसत. २०११च्या उन्हाळ्यात डॅलस-फोर्टवर्थला ७१ दिवस पारा शंभर फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, हे इथले लोक अजून सांगतात. शंभर म्हणजे आपले अडतीस. भुसावळात अडतीस झाले की लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. गार्डसाहेबांची अडचण वेगळीच होती. चालायला फुटपाथ होता, पण तो कुठेच जात नव्हता. वसाहतीतून बाहेर पडावं तर सहा पदरी रस्ता, दोन्ही कडांना विटांच्या उंच भिंती, आणि पुढचं दुकान मैलावर. डार्ट या इथल्या सार्वजनिक वाहतूक सेवेची मागणीनुसार येणारी गोलिंक गाडी प्लेनोत आहे. ती मोबाइलवरून बोलवावी लागते आणि 'मोबाइलवरून' या शब्दाशी साहेबांचा उत्साह संपतो. महाराष्ट्रात २०२२च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटी फुकट आहे. आधार कार्ड दाखवायचं आणि जळगाव, चोपडा, शिरपूर, वाटेल तिकडे जाऊन यायचं. सदतीस वर्षं हिरवा झेंडा दाखवून गाड्या सोडलेल्या माणसाला इथे दाढीचं पातं आणायचं तर मुलाच्या शनिवारची वाट बघावी लागे.

मुलाने त्यांना खूप दाखवलं. डाउनटाउन डॅलस झालं, फोर्टवर्थची गुरं झाली, सॅन अँटोनियोची नदी झाली. साहेब प्रत्येक ठिकाणी 'छान आहे' म्हणाले. मग एका दुपारी, दुसऱ्याच कामासाठी जुन्या प्लेनोत गेले असताना, हॅगर्ड पार्कच्या कडेला असलेलं इंटरअर्बन रेल्वे म्युझियम लागलं. विजेवर चालणारी इंटरअर्बन गाडी १९०८ पासून इथून डॅलसकडे धावत होती. मोटारी वाढल्या, प्रवासी घटले आणि १९४८च्या ३१ डिसेंबरला ती शेवटची धावली. स्टेशनाची ती छोटी इमारत आता संग्रहालय झाली आहे आणि बाहेर ३६० क्रमांकाचा डबा उभा आहे. साहेबांनी डब्याला हात लावला, खाली वाकून चाकं पाहिली, कपलिंग पाहिलं आणि तिथल्या स्वयंसेवक म्हाताऱ्याला मोडक्या इंग्रजीत ब्रेकबद्दल काहीतरी विचारलं. तो म्हातारा खुर्चीतून उठला. पुढचा तासभर दोघे एकमेकांना हातवाऱ्यांनी गाड्या थांबवून दाखवत होते. मुलगा बाकावर बसून ऑफिसच्या मेल उरकत होता. परत निघताना साहेबांनी त्याला विचारलं, "इथे आठवड्यातून एकदा सोडशील का मला?"

इथे आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट.

म्हाताऱ्या माणसाला आपल्याकडे आणणारे त्याला आराम द्यायला आणतात. 'आई, तू नुसतं बस' हे वाक्य प्लेनोतल्या मराठी घरांत जितक्या प्रेमाने म्हटलं जातं तितकंच ते ऐकणाऱ्याला जड जातं. नुसतं बसण्यासाठी ओटा तर हवा. नाशिकच्या आजी थोड्याच दिवसांत खुर्ची उचलून मागच्या गल्लीत नेऊ लागल्या. तिथे गॅरेजं उघडत, कचऱ्याच्या मोठ्या गाड्या येत, मुलं बास्केटबॉल टाकत. गल्लीपलीकडच्या चिनी आजींच्या अंगणात वेलीवर लांबच लांब शेंगा लटकताना त्यांनी पाहिल्या. आपली चवळी! भाषा दोघींना एकमेकींचीच काय, तिसरीही येत नव्हती. पण दोन दिवसांनी शेंगा इकडे आल्या आणि त्याच भांड्यातून थालीपीठ तिकडे गेलं. सुनेला त्या घरात कोण राहतं हे नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

पितृपक्षात आणखी एक पेच आला. आजेसासऱ्यांची तिथी, पान वाढलेलं, आणि कावळा कुठे शोधायचा? मुलगा म्हणाला, इंडिया बझार या किराणा दुकानाच्या पार्किंगात बघू. दिवेलागणीला डॅलसच्या परिसरातल्या पार्किंगच्या जागा ग्रॅकल नावाच्या काळ्या, लांब शेपटीच्या पक्ष्यांनी भरून जातात. विजेच्या तारा वाकतील असे बसतात आणि गंजलेल्या बिजागरीसारखे ओरडतात. पण तिथी दुपारची, ग्रॅकल संध्याकाळचे. शेवटी कुंपणाच्या फळीवर घास ठेवला आणि भर दुपारी कुठून तरी एकच ग्रॅकल येऊन तो घेऊन गेला. आजींनी हात जोडले. "काळा आहे, चोच आहे, ओरडतो," त्या म्हणाल्या. "त्यांना नाशिकचा आणि टेक्ससचा असा भेद नसेल." धर्मशास्त्राच्या कुठल्या पोथीत हे बसतं ते पंडितांनी ठरवावं, घरातल्यांना बसलं.

नोव्हेंबर उजाडला तसा आजींचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या बाई त्या. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवलं नाही तर पेन्शन थांबतं. १० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' नावाची आधारवर चालणारी सोय आहे, २०२१च्या नोव्हेंबरपासून चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. तरी आजींची इच्छा एकच, बँकेत जाऊन कोषागाराच्या यादीपुढे सही करायची. कारण त्या दिवशी कचेरीतल्या सगळ्या जणी भेटतात, कोण आली नाही ते कळतं आणि मग चहा होतो. भारताचा वाणिज्य दूतावास ह्यूस्टनला, चारेकशे किलोमीटरवर. मुलगा फोन धरून म्हणत होता, "आई, कॅमेऱ्याकडे बघ, पापणी मिटून उघड." मधूनच ओटीपी मागितला गेला, तो नाशिकच्या सिमवर, आणि ते सिम रिचार्ज न केल्यामुळे झोपलेलं. रात्री अकराला पुतण्याला उठवायचं नाही म्हणून सकाळपर्यंत थांबले. तिकडे तेव्हा सकाळच होती हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हाताऱ्या माणसाला परदेशी ठेवून घेणं म्हणजे त्याच्या नावाच्या खात्यांना, सिमकार्डांना आणि गॅसच्या पुस्तकालाही तिकडे कुणाच्या तरी हवाली करणं. त्या 'कुणाच्या तरी'चं नाव अशा वेळी पहिल्यांदा आठवतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी टेक्ससमध्ये 'नॅशनल नाइट आउट' असतो. बाकीच्या देशात तो बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये होतो, इथे उन्हामुळे पुढे ढकललेला. त्या संध्याकाळी लोक पुढची दारं उघडतात, रस्त्यावर टेबलं मांडतात, पोलीस आणि अग्निशमन दलाची गाडी येऊन जाते. एरवी मागच्या गल्लीत नाहीसे होणारे शेजारी नावानिशी भेटतात. मराठी घरं अनेकदा हा दिवस टाळतात. मंगळवार, मुलांचा क्लास, ऑफिसचा कॉल. ज्या घरात आजी असते तिथून मात्र चकल्यांचा डबा बाहेर जातो. शेजारपाजार करणं हे काम आहे, आणि ते म्हाताऱ्या माणसांना फार चांगलं येतं, हे त्यांना आरामात बसवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

ध्यानात आलं ते २०२१च्या फेब्रुवारीत. १५ तारखेच्या पहाटे टेक्ससची वीज जाऊ लागली आणि १६ला डॅलस-फोर्टवर्थचं तापमान उणे १९ अंश सेल्सिअसला टेकलं. राज्यभरात ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. नळ गोठले, पाइप फुटले. २४६ माणसं दगावल्याचा अधिकृत आकडा नंतर आला. त्यातली बरीच थंडीने गेली, काही घरात शेगड्या-जनरेटर पेटवल्यामुळे विषारी वायूने. त्या हिवाळ्यात प्लेनोत अडकलेले आईवडील पुष्कळ होते. सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाल्याने मुदत वाढवून घेत राहिलेले. लाखो डॉलरांची इन्शुलेटेड घरं बांधणारी मुलं मोबाइलची बॅटरी किती टक्के उरली ते मोजत होती. आणि भारनियमनात संसार केलेल्या बायकांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. बाथटब भरून ठेवा. सगळे एका खोलीत या. दाराच्या फटीला चादर गुंडाळून लावा. गॅसची शेगडी काडीने पेटते, पण भात झाला की बंद करा, ऊब घ्यायला पेटती ठेवू नका. एका घरात तीन दिवस पिठलं-भात झाला आणि शेजारचं अमेरिकन जोडपं, ज्यांची शेगडी विजेची होती, तेही जेवायला आले. त्या आठवड्यात कोण कुणाची काळजी घेत होतं हे सांगणं अवघड होतं. वीज आल्यावर पुन्हा सगळ्यांनी आपापल्या जागा घेतल्या, म्हणजे आईला परत 'तू नुसतं बस' झालं.

आता हेच उलट्या दिशेने. प्लेनोतला मुलगा दोन-तीन आठवड्यांची रजा काढून पुण्याला, साताऱ्याला, सांगलीला जातो. तिथे तो पाहुणा असतो, पण हे त्याला कबूल नसतं. उतरल्या दिवसापासून हातात यादी. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा, निसरड्या फरशीवर रबरी पट्ट्या, गीझर, इन्व्हर्टर, बँकेचं केवायसी, मोतिबिंदूचं 'पुढच्या वर्षी बघू', दाताचं 'दुखत नाही आता'. जेट लॅगमुळे पहाटे तीनला जाग येते, म्हणून तो माळा आवरायला काढतो. तिथे पिशवीत कोंबलेल्या पिशव्या, दांडी तुटलेली छत्री, वडिलांच्या अक्षरातली विजेची बिलं. त्याने कचऱ्याचा ढीग घातला की आई मागून येऊन त्यातलं एकेक उचलून परत ठेवते. दोघेही बोलत नाहीत. दुपारी तो तिच्यासाठी मोठ्या अक्षरांचा मोबाइल आणतो; संध्याकाळी ती म्हणते, "ते सगळं राहू दे, जरा बस ना इथे." तो बसतो आणि बसल्या बसल्या गीझरवाल्याला फोन लावतो.

ही मदत खोटी नाही. दांड्याला धरून ती खरंच उठते. पण मुलगा परत गेला की इन्व्हर्टरचं पाणी कोण बघणार, हा प्रश्न यादीत नव्हता.

जयवंत दळवींनी 'संध्याछाया' हे नाटक लिहिलं त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. नाना-नानी, अमेरिकेतला मुलगा आणि रिकामं घर. तेव्हा पत्राची वाट बघायची असे, आज व्हिडिओवर रोज तोंड दिसतं. प्लेनोतून रात्री नऊला फोन लावला की पुण्यात सकाळचे साडेसात, चहाची वेळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासाने मागे जातात आणि तोच फोन पुण्यात साडेआठला येऊ लागतो. हे कितीही वेळा समजावलं तरी पहिले चार दिवस आई साडेसातला फोनसमोर बसते आणि चहा गार होतो. मार्चमध्ये पुन्हा उलटं. या एका तासाचं कारण तिला पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणालाच धड सांगता आलेलं नाही.

पण रोज तोंड दिसतं म्हणून सगळं दिसतं असं नाही. कॅमेऱ्यात आईचा चेहरा येतो, मागची भिंत येते. पायावरची सूज येत नाही. फ्रिजमध्ये काय आहे ते येत नाही. "जेवलीस का?" "हो." या 'हो'ची तपासणी करणारा साक्षीदार त्या चौकटीत नसतो.

एके काळी होता. १९८०च्या दशकात रिचर्डसन आणि प्लेनोच्या पट्ट्यात टेलिकॉम आणि संगणकाच्या कंपन्या वाढत होत्या, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स होतं, रॉस पेरोंनी काढलेली ईडीएस होती. त्या नोकऱ्यांवर आलेल्या मराठी मुलांच्या भारतातल्या घरी सहसा फोन नसे. फोनसाठी अर्ज केला की नंबर लागेपर्यंत वर्षं जात. मग शेजारच्या डॉक्टरांचा, नाहीतर खालच्या किराणा दुकानदाराचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात 'पीपी' लिहायचं. लग्नपत्रिकांवर, लेटरहेडवर, नोकरीच्या अर्जांवर हे पीपी सर्रास असे. अमेरिकेचा फोन पीपीवर आला की शेजाऱ्यांचा पोरगा जिने उतरत ओरडत यायचा, "काकू, अमेरिकाऽऽ!" काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावायच्या. मिनिटाचे पैसे मोजत तीन वाक्यं व्हायची, त्यातली दोन 'ऐकू येतंय का?'ची. पण काकूंनी फोन ठेवल्यावर, किंवा त्या पोहोचायच्या आधी, ज्याच्या घरी फोन होता तो दोन शब्द बोलून घ्यायचा. "आई ठीक आहेत, पण परवा चक्कर आली होती. तू काळजी करू नकोस, मी नेलं होतं दवाखान्यात."

ती दोन शब्दांची जोड पीपी फोनबरोबरच गेली. आईला स्वतःचा मोबाइल मिळाला आणि मधला माणूस गळाला. सोय झाली, यात वाद नाही. पण ती सोय किती एकट्या माणसाची आहे हे २०२० साली कळलं. भारताने २३ मार्च २०२०ला आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली. नेहमीची वाहतूक पुन्हा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. अधूनमधून खास विमानं होती, नियम महिन्याला बदलत होते, आणि व्हिसाचे शिक्के मारणारी कार्यालयं बंद असल्याने गेलेला माणूस परत येईल याची खात्री नव्हती. त्या दोन वर्षांत प्लेनोतल्या कितीतरी जणांनी वडिलांचे अंत्यसंस्कार फोनवर पाहिले. फोन धरणारा हात शेजाऱ्याचा होता. औषधं दाराशी ठेवणारा, ऑक्सिमीटर आणून देणारा, रुग्णवाहिकेमागे स्कूटर घेऊन जाणाराही तोच. ज्यांनी अशा शेजाऱ्याशी ओळख ठेवली होती त्यांचं निभावलं.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबरवर रुग्णवाहिका येते. हा नंबर तिकडच्या फोनवरून लागतो. टेक्ससमधल्या मोबाइलवरून कितीही वेळा दाबला तरी आईच्या दाराशी काही येत नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही तशीच, तिथून फिरवायची. मुलगा रात्री दोनला प्लेनोत उठून बसतो, आईचा फोन लागत नाही, आणि त्याच्या हातात असलेल्या महागड्या फोनमध्ये तिच्या मजल्यावरच्या एकाही माणसाचा नंबर नसतो.

उलट बाजूनेही तेच आहे. १९८०च्या सुमारास आलेली ती मुलं आता स्वतःच पंचाहत्तरीला टेकली आहेत. प्लेनोतली त्यांची दुमजली घरं, वर बेडरूम, खाली गुडघे. मुलं सिॲटलला, बॉस्टनला, ऑस्टिनला. आता ती मुलं चार दिवसांची रजा काढून हातात यादी घेऊन प्लेनोला येतात, जिन्याला कठडा लावतात, गॅरेज आवरतात, आणि आई मागून एकेक वस्तू परत उचलते. ज्या बाईने पुण्यात सासूचा माळा उपसला होता तिचंच गॅरेज आज सून उपसते आहे. या गमतीवर हसायला दोघींपैकी कुणी मोकळं नसतं. सिॲटलमधून ९११ फिरवला तर तो सिॲटलच्या केंद्रात लागतो, प्लेनोच्या नाही. प्लेनोच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर वेगळा लिहून ठेवावा लागतो, किंवा गल्लीपलीकडच्या घराचा. आणि गल्लीपलीकडे कोण राहतं हे ठाऊक असावं लागतं.

उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत अलीकडे 'उत्तररंग' नावाचं ज्येष्ठांसाठीचं सत्र असतं, निवृत्तीपासून मृत्युपत्रापर्यंत सगळ्यावर बोलणारं. २०१९च्या जुलैत ते अधिवेशन डॅलसलाच भरलं होतं. पुण्यात परदेशस्थांच्या आईवडिलांनी स्वतःची एनआरआय पेरेंट्स ऑर्गनायझेशन काढली आहे, एकमेकांकडे लक्ष ठेवायला. प्लेनोतही पन्नाशीपुढच्यांसाठी शहराने चालवलेलं सॅम जॉन्सन रिक्रिएशन सेंटर आहे, आणि तिथे पत्ते कुटायला भाषा फारशी लागत नाही. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळांना बाराखडी गिरवून घेणारं माणूस कायम हवंच असतं. २०२४च्या जूनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात जवळच्या ग्रँड प्रेअरीत मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला पाकिस्तानविरुद्ध जिंकून दिलं, तेव्हा तर इथल्या आजोबांची एकमेकांशी ओळख करून द्यायला कुणाची गरजच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी पार्कातल्या बाकावर ज्याला त्याला तोच विषय. असल्या गोष्टींना मुलं 'टाइमपास' म्हणतात. भुसावळच्या साहेबांच्या आठवड्यातल्या एका फेरीलाही त्यांच्या मुलाने सुरुवातीला तेच म्हटलं होतं. पुढे साहेब भारतात परतल्यावर एके दिवशी त्या संग्रहालयातल्या म्हाताऱ्याने मुलाला गाठून विचारलं, तुझे वडील कसे आहेत, गुडघा काय म्हणतो. गुडघ्याचं मुलाला ठाऊकच नव्हतं.

तेव्हा पुढच्या खेपेला सामान भरताना, जाणं असो की बोलावणं, यादीतून गीझर काढू नका, पण त्याच्या वर एक ओळ लिहा. समोरच्या घरात चहाला जा. मेडिकलवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला, दूधवाल्याला आपलं नाव सांगा आणि त्यांची नावं विचारा. ते नंबर आईच्या नव्हे, तुमच्या फोनमध्ये साठवा, आणि तुमचा त्यांच्या. प्लेनोत असाल तर गल्लीपलीकडच्या गॅरेजचं दार उघडं दिसेल त्या संध्याकाळी आईला बरोबर घेऊन पाच मिनिटं तिथे उभे राहा. नॅशनल नाइट आउट ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी असतो. त्या दिवशीचा ऑफिसचा कॉल पुढे ढकला.